वयस्कर माणूस ॲडमिट झाल्यावर: काय बघायचं, काय विचारायचं (अनुभव धागा)

मधुमालती
जुन्या फायली रद्दीत काढल्या तर त्यातून कुशी बदलायचा तक्ता निघाला. ८ डावी, १० पाठ, १२ उजवी, पुढे सिस्टरची सही. हल्ली हा तक्ता कॉटला लटकवलेला क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर रात्रीच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, पहाटे एकदम केलेल्या असतात.

म्हटलं धागा काढावा. न्यूमोनिया बरा होतो, पण चालत गेलेले आजोबा स्ट्रेचरवरून घरी येतात. हे मधल्या मध्ये कुठे घडतं? हॉस्पिटलांच्या नावाने रडगाणी नकोत, कामाचं लिहा. पाठीपासून मी सुरुवात करते.

दर दोन तासांनी कूस म्हणजे पूर्ण आडवी कूस नव्हे. तशी दिली तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी घालून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी द्यायची, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर ही ठिकाणं रोज स्पंज करताना उजेडात बघायची. लालसर डाग बोटाने दाबा. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोर सुरू झाला असं समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं. आणि त्या डागावर मालिश नको! आतली पेशी आधीच चेचलेली असते. पावडरचे थर पण नकोत, घामाने त्याचे गोळे होतात आणि तेच घासतात.

कोकणकडा
मस्त धागा. भाकऱ्या टाकून होऊ देत, मग लिहिते.

रात्रपाळी
अल्फा बेडबद्दल (पंपाने आलटूनपालटून हवा भरणारी गादी). भाड्याने आणतात, अंथरतात आणि विसरून जातात. मशीनवर वजनाचं बटण असतं, ते पेशंटच्या किलोप्रमाणे लावायचं. ४५ किलोच्या आजीला ९० वर ठेवलं तर बेड दगडासारखा कडक होतो. उलट हवा कमी असेल तर बूड खाली टेकतं. तपासायची रीत: माकडहाडाच्या खाली, गादी आणि कॉट यांच्यामध्ये तळहात सरकवायचा. अंग हाताला टेकलं तर हवा कमी, मध्ये इंचभर हवा जाणवायला हवी. वर एकच चादर. रबरशीट, त्यावर चौघडी, त्यावर डायपर एवढं घातलं की बेडचा उपयोग शून्य. नळ्या पायथ्याशी दुमडल्या जातात, ते पण बघा.
आणि अल्फा बेड आहे म्हणून कूस बदलणं बंद करायचं नाही.

पेणचा_पापड
ती गोल ट्यूब, मधे भोक असलेली, चालते का? मेडिकलवाला देत होता.

रात्रपाळी
नाही. भोकाच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो आणि मधला भाग फुगतो. परत करा.

तीन_नंबर_लोकल
पाठीचं झालं, आता डोक्याचं बोला. रात्री दोन वाजता आजोबा सलाईन उपसून एसटी पकडायला निघतात, नातेवाईक म्हणतात वेड लागलं, वॉर्डबॉय म्हणतो झोपेचं इंजेक्शन द्या. :)

सायली_पु
याला डिलिरियम म्हणतात. वेड नाही, म्हातारपणाचा विसराळूपणाही नाही. खूण अशी की तो काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो आणि कमीजास्त होत राहतो. सकाळच्या राउंडला पेशंट शहाण्यासारखा बोलतो आणि संध्याकाळी मुलीला आई समजतो. म्हणून रात्री थांबलेल्या माणसाने सकाळी डॉक्टरांना आपणहून सांगायलाच हवं, नाहीतर फाइलवर "शांत झोप" एवढंच लिहिलेलं असतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. पेशंट गप्प, दिवसभर डोळे मिटून, घास तोंडात धरून ठेवतो. सगळे म्हणतात किती शहाणे आहेत बाबा, काही त्रास नाही. तो पण डिलिरियमच.

कारणं शोधायची तर या क्रमाने विचारा: लघवी तुंबलीय का, पोट साफ होऊन किती दिवस झाले, सोडियम किती, साखर, ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, दुखतंय का, आणि नवीन औषध कोणतं सुरू झालं. एविलचं (ॲलर्जीचं) इंजेक्शन, ट्रॅमाडॉल (दुखण्यावरचं), झोपेच्या गोळ्या हे नेहमीचे संशयित. रोजची दारू किंवा वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी ॲडमिट झाल्यावर अचानक बंद झाली तरी असं होतं. ही माहिती लाजून लपवू नका.

औषधाशिवाय होण्यासारखं बरंच आहे. चष्मा आणि कानाचं मशीन घरून आणा (सेल सकट). मोठ्या आकड्यांचं घड्याळ समोर. दिवसा पडदे उघडे, रात्री मोठा दिवा बंद. वादावादी नको. "एसटी सकाळी सहाला आहे, तोवर पाणी प्या" एवढं चालतं.

दत्तू_मास्तर
हात बांधतात त्याचं काय? दोन्ही हात बँडेजने कॉटला.

सायली_पु
बांधलं की जास्त झगडतो, डिलिरियम वाढतो, मनगटं सोलतात. आयसीयूत नळी उपसली जाण्याचा खरा धोका असतो तेव्हा काही वेळ करावं लागतं, पण त्याची लेखी ऑर्डर हवी, आणि थोड्या थोड्या वेळाने सोडून हात बघायला हवेत. आधी विचारायचं की ती नळी अजून लागतेच का.

रात्रपाळी
सायलीताई, पटतं, पण २० पेशंटला एक सिस्टर असते तेव्हा रात्री तीनला कोण एसटीच्या गप्पा मारणार? जवळचं माणूस थांबलं तरच हे होतं.

सायली_पु
खरंय. आणि आयसीयूत तर तेही थांबू देत नाहीत.

कोकणकडा
आले. लघवीच्या नळीवर लिहिते. बरेचदा ती पेशंटसाठी नसतेच, चादर बदलायला लागू नये म्हणून असते. रोज राउंडला एकच प्रश्न: नळी आज काढता येईल का? जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्ग वाढतो.
पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. एक्सरेला नेताना मामा ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, मग पिशवीतली लघवी उलटी आत. आधी रिकामी करा, नाहीतर खाली धरून चला. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. नळी मांडीला पट्टीने चिकटवलेली हवी.
नळी काढल्यावर सहाएक तासांत लघवी झालीच पाहिजे. थेंब थेंब गळतेय म्हणजे होतेय असं नाही. मूत्राशय भरून वाहत असू शकतं, ओटीपोट हाताने बघायला सांगा.

मधुमालती
थेंब थेंबवरून आठवलं. तेच शौचाचं. पाच दिवस पोट साफ नाही, मग अचानक पातळ पाण्यासारखं डायपरला लागतं. वॉर्डात जुलाब म्हणून बंद व्हायची गोळी देतात. आत घट्ट खडा बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. बोटाने तपासल्याशिवाय बंद व्हायची गोळी नाही.

पेणचा_पापड
जेवताना वाचत होतो हो 😄

दत्तू_मास्तर
वाचा आणि जेवा, वय आपलंही होतंय.

फार्मसीवाला_फडके
क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम बघायची रक्ततपासणी) घोळ सांगतो. ८० वर्षांची आजी, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.२. रिपोर्ट बघून सगळे म्हणतात जवळपास नॉर्मल. आता सूत्र लावा: (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बायकांसाठी गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला साधारण २७ मिली. म्हणजे मूत्रपिंडाचं काम बरंच उतरलेलं. स्नायूच कमी असल्याने क्रिएटिनिन तयारच कमी होतं, आकडा फसवतो. नसांच्या दुखण्याचं प्रिगाबालिन, रक्त पातळ करायचं एनोक्सापॅरिन, काही अँटिबायोटिक यांचे डोस इथे कमी करावे लागतात. डायक्लोफेनॅकचं (वेदनाशामक) इंजेक्शन तर अशा आजीला नकोच. वजन केल्याशिवाय हा हिशेब होत नाही आणि वॉर्डात झोपलेल्या पेशंटचं वजन कोणी करत नाही, फाइलवर अंदाजे "६०" लिहितात.

दुसरं, घरच्या गोळ्यांच्या पट्ट्याच आणा, यादी नको. कंपनी वेगळी, औषध तेच, असं होऊन बीपीचं टेल्मिसार्टन दोनदा जातं. पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव जुळवायचं.

तीन_नंबर_लोकल
फडके काका, नाकातल्या नळीतून गोळ्या कुटून देतात त्याचं पण सांगा ना. इथे उखळ घेऊन बसलेत सगळे.

फार्मसीवाला_फडके
नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल, सीआर असेल (औषध हळूहळू सोडणारी गोळी) तर कुटायची नाही. कित्येक तासांचा डोस एकदम जातो. पोटात न विरघळणाऱ्या आवरणाची गोळीही नाही (पॅन्टोप्राझोल त्यातलीच). पातळ औषध किंवा साधी गोळी मिळते, लिहून मागा. प्रत्येक गोळी वेगळी कुटा, फीडमध्ये (नळीतून द्यायचं पातळ अन्न) कालवू नका, आधी आणि नंतर पाणी सोडा. नळी तुंबते ती जास्त करून औषधानेच.

कोकणकडा
फीडचं: डोकं ३० ते ४५ अंश वर, देताना आणि नंतर निदान अर्धा ते एक तास. नाकाशी नळीवर जी खूण आहे ती दर वेळी बघायची. सरकली असेल तर काही सोडायचं नाही, सिस्टरला बोलवायचं. पहिल्यांदा टाकल्यावर एक्सरेने जागा पक्की करणं सगळ्यात खात्रीचं. पोटात हवा मारून स्टेथोने ऐकणं भरवशाचं नाही, फुफ्फुसात असली तरी आवाज येतो. पिस्टन दाबून ढकलू नका, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या.

आजीचा_बटवा२
तोंडाने खाणाऱ्यांना डाळीचं पाणी आणि पेज देणं थांबवा प्लीज. त्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. आजारी म्हाताऱ्या माणसाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). ४५ किलोला झाले ५४ ते ६८. अंड्याचे ६, पेलाभर दुधाचे ६-७, १०० ग्रॅम पनीरचे १८च्या आसपास. पेजेत दूध पावडर घाला, मऊ भातात अंडं फेटून शिजवा, मेतकूट घाला.
भेटायला येणाऱ्यांनी शहाळी आणू नयेत. पोटॅशियम वाढलेल्या किडनी पेशंटला ते महागात पडतं.

पेणचा_पापड
मग काय आणावं? बिस्किटं?

आजीचा_बटवा२
काही नको. दोन तास बसा, जवळच्या माणसाला आंघोळीला घरी जाऊ द्या.

दत्तू_मास्तर
+१००

रात्रपाळी
इन्सुलिन आणि ट्रे. साडेसातला इन्सुलिन देऊन सिस्टर पुढे गेल्या, किचनचा ट्रे साडेआठला आला, आजींनी दोन घास खाऊन बाजूला सारला. रात्री साखर ५०. ट्रे समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायचं नाही, आणि नीट जेवण जात नसेल तर टोचण्याआधीच सांगायचं. म्हाताऱ्यांत साखर उतरल्यावर घाम, थरथर दिसेलच असं नाही. नुसते गुंगल्यासारखे होतात.

कवळी: रात्री काढून झाकणाच्या डबीत पाणी घालून ठेवा, डबीवर नाव. टिश्यूत गुंडाळलेली कवळी सकाळी मावशी कचऱ्यात टाकतात, त्यांचा काय दोष.

फिजिओ_अनघा
उशिरा आले. सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर: स्ट्रेचरवरून घरी जाण्याचं मोठं कारण नुसतं झोपून राहणं. सशक्त ज्येष्ठांनासुद्धा दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू जातात, हे अभ्यासात मोजलेलं आहे. आजाऱ्याचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी "पूर्ण विश्रांती" लिहिलेलं नसेल तर जेवण खुर्चीत, तिन्ही वेळा.

उठवायची पद्धत: आधी कॉटचं डोकं वर करून पाच मिनिटं. पाऊल वरखाली दहावीस वेळा. मग कुशीवर वळवून पाय खाली, कडेला दोनतीन मिनिटं बसवून ठेवा, चक्कर विचारा. मग उभं. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो, कमरेला पट्टा किंवा जाड ओढणी बांधून तिला धरा. झोपून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी घ्यायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर औषधं तपासायला हवीत. पायात मोजे घालून फरशीवर चालवू नका. कॉटचे दोन्ही कठडे वर लावले की पडत नाहीत हा गैरसमज. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. कॉट सगळ्यात खाली, पॉट हाताशी.

खुब्याचं हाड मोडलं असेल तर "फिटनेस येऊ दे, मग बघू" म्हणत आठवडा घालवू नका. शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी उभं करणं, असं ठरवतात. उशीर का होतोय ते कारण विचारा.

तीन_नंबर_लोकल
पैशांचं कोणी लिहीना.

दत्तू_मास्तर
लिहितो. ७० वर्षं पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, आधारवर वय बघतात. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, पण कुटुंबाला मिळून, आजीआजोबा दोघांत वाटून. फक्त यादीतल्या हॉस्पिटलात, ओपीडीला नाही. ॲडमिट झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढा, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो नंबर बरेचदा बंद पडलेला असतो.

धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत (वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत (३,६०,००० पर्यंत). तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, बिलिंग काउंटरला नव्हे. बिल झाल्यावर गेलात तर अवघड.

खाजगी विमा: खोलीभाड्याची मर्यादा बघा. विम्याच्या रकमेच्या १ टक्का अशी अट आणि ५ लाखांची पॉलिसी म्हणजे दिवसाला ५,०००. १०,००० ची खोली घेतली की डॉक्टर फी, ऑपरेशन थिएटर वगैरेही अर्धंच मंजूर. औषधं आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या असतात, त्या कापल्या तर भांडा.

कोकणकडा
मास्तर, हे वेगळ्या धाग्यात टाका, इथे हरवून जाईल.

फार्मसीवाला_फडके
डिस्चार्ज समरीत जुनी औषधं "चालू" की "बंद" हे एकेक करून लिहून घ्या. नुसती नवी यादी देतात, मग घरी दोन्ही चालू राहतात. टाके आणि नळी काढायची तारीख पण.

पेणचा_पापड
ट्यूब परत केली. त्याने पैसे नाही दिले, बदल्यात दोन डायपरचे पुडे दिले.

रात्रपाळी
साइज बघितलात का? कमरेचं माप घेऊन घ्या. मोठा घेतला तर मांडीतून गळतो.

पेणचा_पापड
एक्सएल दिलेत. उद्या परत जातो.