कर्नल कोसळला तर फाइल आणि ओळ त्यानेच सांगावी की नाही?

तिरपागडे (धागाकर्ते)

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपटला की जे काही ओकतो, ते समजून घ्यायला अजूनही वेगळी उस्तवार करावी लागते. समजा लॉगमध्ये आलं, ‘डू_समथिंग+०एक्स४२/०एक्स१३०’. म्हणजे हे फंक्शन हेक्समधल्या १३० बाइटांचं, आणि त्यातल्या ४२व्या बाइटवर गाडी अडकली. बरं, मग? सी फाइलमधली ओळ कुठली? ते कळायला त्याच बिल्डची (कंपाइल करून बनलेल्या प्रतीची), डीबग माहिती (कुठला पत्ता कुठल्या ओळीचा याची नोंद) न काढलेली व्हीएमलिनक्स, म्हणजे अख्ख्या कर्नलची फाइल हवी आणि मग डीकोड_स्टॅकट्रेस ही स्क्रिप्ट चालवायची. ज्याचं मशीन पडलं त्याच्याकडे ही फाइल नसते. ज्याला बग शोधायचाय त्याच्याकडे नेमका तोच बिल्ड नसतो.

कर्नल २.४च्या काळात तर फंक्शनची नावंही मिळायची नाहीत. नुसते पत्ते, आणि सिस्टिम.मॅप (पत्ते आणि नावांची यादी) शोधून केसिमऊप्स (पत्त्यांवरून नावं काढणारं साधन) चालवा. पुढे नावांचा तक्ता (कॉलसिम्स) कर्नलच्या पोटातच आला. आता कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय की २.६पासून केसिमऊप्स निरुपयोगी आहे, ऊप्स (बिघाड झाल्यावर कर्नल छापतो तो अहवाल) आहे तसाच पाठवा. मग तसाच ओळींचाही तक्ता पोटात का नको? कॉन्फिगमध्ये (कर्नल बनवतानाच्या सेटिंगमध्ये) पर्याय ठेवा आणि फेडोरा, उबंटूसारख्या डेस्कटॉप डिस्ट्रोंनी तो चालू करून द्यावा, इतकंच म्हणणं आहे.

सुटा_बाइट

साफ असहमत. नावांचा तक्ता आणि ओळींचा तक्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाव फंक्शनमागे एक. ओळी मात्र एकेका फंक्शनमध्ये डझनांनी. कितीही दाबून भरलं तरी काही मेगाबाइट जाणारच, आणि कर्नलची स्वतःची मेमरी स्वॅप होत नाही, म्हणजे डिस्कवर हलवता येत नाही. जो तक्ता वर्षातून एकदा लागला तर लागला, तो बारा महिने रॅममध्ये पोसायचा?

शिवाय इनलाइनिंगचं काय? कंपायलरने चार फंक्शनं एकात मिसळलेली असतात. एका पत्त्याला एकच ओळ छापलीत तर ती बहुतेक वेळा कुठल्यातरी हेडरमधल्या चिमुकल्या हेल्परची निघेल. पूर्ण साखळी छापायची तर तक्ता अजून फुगणार. आणि हे सगळं कोण शोधणार, तर ज्याची मेमरी खराब झाल्याचा संशय आहे तोच कर्नल! मरताना जितका कमी कोड चालेल तितका बरा.

तिरपागडे

ज्याची मेमरीच तोकडी त्या राऊटरवाल्याने पर्याय बंद ठेवावा की. १६ जीबीच्या लॅपटॉपवर काही एमबीचं काय घेऊन बसलात? ब्राउझरचा एक टॅब त्याच्या कितीतरी पट खातो.

रात्रपाळी

सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे केडंप लावलेला असतो. कर्नल पडला की केएक्सेकने (थेट दुसरा कर्नल सुरू करायची सोय) दुसरा छोटा कर्नल उठतो, मेमरीची प्रत व्हीएमकोअर फाइलमध्ये लिहितो, आणि सकाळी क्रॅश किंवा ड्रॅगन ही तपासणीची साधनं घेऊन निवांत बसता येतं. तिथे नुसती ओळ नाही, त्या वेळी लॉक (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारं कुलूप) कोणाच्या हातात होतं तेही दिसतं. ओळ नंबरावाचून माझं काही अडत नाही.

अडतं ते दुसरीकडेच. एका क्लायंटकडून रिपोर्ट म्हणून येतो मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही तिरका, ट्यूबलाइटच्या उजेडासकट. वरचा भाग सरकून गेलेला, खाली फक्त रजिस्टरांचे आकडे. किंवा लॉग येतो, पण ‘कट हिअर’ लिहिलंय म्हणून गड्याने खरंच तिथून कापलेला! खरा सुगावा बऱ्याचदा त्याच्या वरच्या दोन ओळींत असतो. आधी रिपोर्ट धड पोहोचू द्या, मग ओळींचं बघू.

सुटा_बाइट

रात्रपाळींशी सहमत, आणि त्यावर काम झालंय. कर्नल ६.१०मध्ये (२०२४) डीआरएम पॅनिक आलं, म्हणजे ग्राफिकल स्क्रीनवरही पॅनिकचा (कर्नलने पुरते हात टेकल्याचा) निरोप दिसू लागला. त्याच वर्षी ६.१२मध्ये त्यावर क्यूआर कोड आला, तोही रस्ट भाषेत लिहिलेला. लॉगचा शेवटचा भाग दाबून कोडमध्ये भरतात. फोन धरा, मजकूर जसाच्या तसा हातात.

माजघर

आणि त्या लॉगमध्ये काय काय असतं ते पाहिलंय का कोणी? मशीनचं मॉडेल, नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता, लावलेल्या यूएसबीचे सीरियल नंबर. काका-काकूंनी तो कोड स्कॅन करून ग्रुपवर टाकला की झालं. वाचायला सोपं म्हणजे सगळ्यांनाच सोपं, एवढं ध्यानात असू द्या.

नवखी

मध्येच विचारते, हसू नका. स्टॅक ट्रेसमध्ये काही नावांच्या आधी प्रश्नचिन्ह का असतं? आणि ‘टेंटेड: जी डब्ल्यू ओ’ म्हणजे काय?

खडखडे

नवखीताई, हसण्यासारखं काही नाही, बरेच जण हे न बघताच पुढे जातात. प्रश्नचिन्ह म्हणजे तो पत्ता स्टॅकवर (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं याची नोंद असते त्या मेमरीत) सापडला खरा, पण तो या कॉलच्या साखळीतला आहे याची अनवाइंडरला (साखळी उलगडणाऱ्या कोडला) खात्री नाही. टेंटेड म्हणजे कर्नलला डाग लागलेत, आणि पुढची अक्षरं त्या डागांची. ओ म्हणजे कर्नलच्या झाडाबाहेरचं (मूळ कोडात नसलेलं) मॉड्यूल, म्हणजे वेगळा जोडलेला ड्रायव्हरसारखा तुकडा, लोड झालंय. डब्ल्यू म्हणजे याआधी एक वॉर्निंग येऊन गेलीय, तेव्हा मागे जाऊन ती पहिली वाचा. डी दिसला तर आधीच एक ऊप्स झालाय, समोरचा बहुधा त्याचं पिल्लू. जी नुसता भरतीचा: प्रोप्रायटरी (बंद परवान्याचं) मॉड्यूल नाही एवढंच.

आता धाग्याबद्दल. ओळ कळली म्हणजे कारण कळलं, हा भ्रम आहे. १९ जुलै २०२४चं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटचं प्रकरण आठवा. विंडोजची सुमारे ८५ लाख मशीनं झोपली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. ड्रायव्हरने हद्दीबाहेरची मेमरी वाचली हे डंपवरून लगेच दिसलं. पण खरी गोम अशी की साच्यात २१ रकाने ठरवलेले आणि कोड पुरवत होता २०च. नव्या कंटेंट फाइलने तो एकविसावा मागितला. ओळ नंबराने तुम्हाला पडल्याची जागा दाखवली असती. फाइल चाचणीतून सुटली कशी, ते नाही.

तिरपागडे

खडखडेसाहेब, पण जागाच माहीत नसेल तर कारणाकडे निघायचं कुठून?

सुटा_बाइट

बिल्ड आयडीवरून, म्हणजे प्रत्येक बिल्डच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून. कर्नल ५.१४पासून (२०२१) ट्रेसमध्ये तो छापायची सोय आहे. तो आयडी डीबगइन्फोडीच्या (डीबग माहिती पुरवणाऱ्या सेवेच्या) सर्व्हरला द्या, नेमकी डीबग माहिती येते. फेडोरा, डेबियन, उबंटू सगळ्यांचे सर्व्हर आहेत. इनलाइनची साखळीसुद्धा उलगडते, आणि युजरच्या रॅमला धक्का नाही.

तिरपागडे

आणि डीकेएमएसचं (बाहेरची मॉड्यूलं नव्या कर्नलसाठी आपोआप बनवणारी सोय) मॉड्यूल? ते युजरच्याच मशीनवर कंपाइल होतं, डीबग माहिती तिथेच छाटली जाते. जगातल्या कुठल्या सर्व्हरवर त्याचा बिल्ड आयडी सापडेल? वर नवखीताईंच्या ट्रेसमध्ये तो ‘ओ’ आहेच. डेस्कटॉपवर पडझड बघा, निम्म्या वेळा वायफाय नाहीतर ग्राफिक्सचं असंच बाहेरचं मॉड्यूल असतं.

सुटा_बाइट

हं. हे खरंय, तिथे सर्व्हरचा उपयोग शून्य. एकट्या मॉड्यूलचा तक्ता छोटाच असेल, मॉड्यूलसोबत लोड होऊन सोबतच जाईल. तेवढ्यापुरता पर्याय चालेल. व्हीएमलिनक्ससाठी मात्र माझं नाहीच.

रात्रपाळी

मॉड्यूलपुरतं असेल तर सर्व्हरवरही चालू ठेवीन. आमच्या स्टोरेज कार्डाचा ड्रायव्हर बाहेरचाच आहे.