भाजलेली जखम चिघळली: अँटिबायोटिक बदलायचं की आधी जखम साफ करायची?

मृद्गंध (धागाकर्ती):
जखम चिघळली की नातेवाईक विचारतात, "याहून जोरदार अँटिबायोटिक नाही का?" माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की मेलेली कातडी पूर्ण काढली का? स्युडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू जखमेवर एकदा चिकटले की सुटे राहत नाहीत. साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि फुटलेल्या पेशींचा डीएनए यांचा बुळबुळीत थर अंगाभोवती तयार करतात, तोच बायोफिल्म. आतल्या जिवाणूंना मारायला 10 ते 1000 पट औषध लागू शकतं. एवढा डोस शरीराला झेपणारच नाही. त्यात जळालेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटलेला, मग शिरेतून दिलेलं औषध तिथे पोचणार कसं?

निशाचर:
पटलं नाही. रक्तदाब घसरलाय, संसर्गाने शरीर कोलमडलंय, म्हणजे सेप्टिक शॉक आहे, अशा वेळी तासाभरात अँटिबायोटिक द्यावंच लागतं. रक्तात उतरलेल्या सुट्या जिवाणूंवर ते चालतं. आणि खरवडून काढलेला थर एक ते तीन दिवसांत पुन्हा धरतो. निम्मं अंग भाजलेल्या पेशंटला रोज भूल देणार का? रक्तस्राव किती होतो याचा विचार केलाय?

मृद्गंध:
सेप्सिसबद्दल, म्हणजे अशा जीवघेण्या संसर्गाबद्दल, वाद नाहीच. माझा आक्षेप आहे तो संसर्गाची लक्षणं नसताना 'खबरदारी म्हणून' दिलेल्या अँटिबायोटिकला. आणि थर पुन्हा धरतो म्हणता, तेच तर माझं म्हणणं आहे! नवा थर कोवळा असतो, औषध त्यालाच लागू पडतं. सिल्व्हरचं किंवा आयोडीनचं ड्रेसिंग त्याच दिवसांत कामाला येतं.

सूक्ष्मदर्शी:
लॅबच्या बाजूने सांगतो. रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' (म्हणजे हे औषध या जिवाणूवर चालतं) असं लिहिलेलं असतं, तरी जखम हटत नाही. कारण ती तपासणी आम्ही सुट्या, भराभर वाढणाऱ्या जिवाणूंवर करतो. बायोफिल्मच्या तळाशी अन्न आणि ऑक्सिजन कमी, तिथले काही जिवाणू जवळजवळ झोपलेले असतात. बहुतेक अँटिबायोटिकं वाढणाऱ्या पेशीवर घाव घालतात, त्यामुळे हे सुटतात. त्यांची जनुकं बदललेली नसतात. पण खरा रेझिस्टन्स, म्हणजे जनुकांमुळे औषधाला दाद न देणं, हाही तिथेच पसरतो, कारण खेटून राहणारे जिवाणू प्लास्मिडची (जनुकं वाहणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांची) देवाणघेवाण सहज करतात. जखमेवरून कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या वरवरच्या स्वॅबऐवजी खोलातला ऊतीचा तुकडा पाठवा, अशी माझी कळकळीची विनंती.

पाणवठा:
मग फाज वापरा की! जिवाणूंना मारणारे विषाणू.

निशाचर:
भाजलेल्या जखमांवर फाजची चाचणी झालीय, निष्कर्ष 2019 मध्ये आले. साठवणुकीत फाजची संख्या घटली, पेशंटला ठरल्यापेक्षा फार कमी डोस मिळाला आणि सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम त्याहून लवकर लागू पडलं. मार्ग बंद झालेला नाही, पण आज त्यावर विसंबता येत नाही. कार्बापेनेमसारख्या जोरदार अँटिबायोटिकलाही न जुमानणारा असिनेटोबॅक्टर जिवाणू निघाला तर नुसत्या साफसफाईवर भागत नाही, नवी औषधं लागणारच.

शुश्रूषा:
तुम्ही दोघं औषध आणि चाकूवर भांडताय. ड्रेसिंग बदलताना पेशंट कळवळतो, हात थांबतो आणि कडेचा पिवळा थर तसाच राहतो. वेदनाशामक ड्रेसिंग सुरू केल्यावर देऊन उपयोग नाही, त्याचा असर चढेल इतका वेळ आधी द्या. तरच जखम नीट साफ करता येते.