अफगाणिस्तानातली माघार: बगराम आधी का सोडला?

धोपटमार्गी:
बायडन सरकारने अफगाणिस्तानातून सैन्य काढायला हवं होतं की नको, यावर इथे भरपूर रण पेटून झालंय. ते पुन्हा नको. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. २ जुलै २०२१ पर्यंत बगराम हा अमेरिकेचा मोठा हवाई तळ रिकामा झाला आणि १५ ऑगस्टला काबूल पडलं. मग लाखाच्या वर माणसं काबूलच्या एकुलत्या एक धावपट्टीवरून काढावी लागली. बगरामला दोन धावपट्ट्या होत्या. घर बदलतानाही गॅसची शेगडी शेवटच्या खेपेला ठेवतात. मग तळ आधी का सोडला?

रसदगाडी:
कारण माणसांची कमाल संख्या आधी ठरली आणि कामं नंतर वाटली गेली. एप्रिलमध्ये तिथे साधारण २,५०० अमेरिकी सैनिक होते. माघारीनंतर दूतावासाच्या राखणीला साडेसहाशेच्या आसपास ठेवायचे, असा हिशेब होता. आता बगराम चालवायचा म्हणजे काय काय लागतं बघा: कित्येक किलोमीटरच्या कुंपणावर पहारा, रॉकेट हवेतच पाडणाऱ्या तोफा, नियंत्रण मनोरा, बंब, इंधनाचे टँकर, इस्पितळ. संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी नंतर संसदीय समितीपुढे सांगितलं, की तो तळ नुसता चालवायला आणि राखायला ५,००० पर्यंत माणसं लागली असती. शिवाय दूतावास काबूलमध्ये. बगराम तिथून ५० किलोमीटरच्या वर, आणि मधला रस्ता कोण राखणार? दोन्हीतलं एकच धरायचं, तर काबूल विमानतळच धरला जाणार.

गंमत (कडवट) अशी, की शेवटी विमानतळ सावरायला ६,००० च्या घरात सैन्य परत न्यावंच लागलं. बाहेर काढलं त्याच्या दुपटीहून जास्त.

पाना_नंबर_बारा:
सगळे धावपट्टीवरच अडकलेत. अफगाण सैन्याचा कणा मोडला तो त्यांची विमानं-हेलिकॉप्टरं सांभाळणारे परदेशी कंत्राटदार गेल्यावर. अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या २९ फेब्रुवारी २०२०च्या दोहा करारातलं कलम वाचा: सैनिकांबरोबर खासगी सुरक्षा कंत्राटदार, प्रशिक्षक, सल्लागार, सगळे १४ महिन्यांत बाहेर. आणि या करारात काबूलचं सरकार पक्षकारच नव्हतं!

आता हँगरमध्ये काय झालं ते. रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरं अफगाण मेकॅनिक बऱ्यापैकी स्वतः सांभाळायचे, हात बसलेला होता. अमेरिकेने ती हळूहळू मागे सारून स्वतःची ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं दिली. त्यांची मोठी दुरुस्ती, सुट्या भागांची मागणी नोंदवणं, साठ्याचा संगणक, सगळं कंत्राटदारांकडे. ते निघाल्यावर उड्डाणयोग्य ब्लॅक हॉकचं प्रमाण एप्रिल-मेमधल्या ७७ टक्क्यांवरून जूनमध्ये ३९ टक्क्यांवर आलं. उरलेली विमानं तपासणीची मुदत उलटूनही उडत राहिली, कारण दूरच्या ठाण्यांना दारूगोळा आणि जखमींना इस्पितळ, दोन्हीला हवाईमार्गच होता. हेलिकॉप्टर येत नाही म्हटल्यावर वेढलेल्या ठाण्याने किती दिवस लढायचं? म्हणून तर जिल्हे न लढता पडले. ‘अफगाण पळाले’ म्हणणारे हे हिशेबात धरत नाहीत.

सालंग_बोगदा:
पाना, सहमत. ‘तारीख जाहीर केली हीच चूक’ म्हणणाऱ्यांनी सोव्हिएत माघारही बघावी. एप्रिल १९८८चा जिनिव्हा करार, तारखा जगजाहीर. १५ मेला जलालाबादहून पहिला ताफा निघाला, १५ ऑगस्टपर्यंत निम्मं सैन्य बाहेर आणि १५ फेब्रुवारी १९८९ला जनरल ग्रोमोव्ह अमूदर्यावरचा पूल ओलांडून गेले. तरी त्यांच्या पाठिंब्यावरचे अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला पडले नाहीत. मार्चमध्ये मुजाहिदीनांनी (सरकारविरोधी बंडखोरांनी) जलालाबादवर जोर लावला, तोही फसला. कारण मॉस्कोहून इंधन, धान्य, दारूगोळा आणि स्कड क्षेपणास्त्रं येतच राहिली. १९९२ उजाडताच ती बंद झाली आणि एप्रिलमध्ये सरकार गेलं.

आपलं श्रीलंकेतलं उदाहरण मात्र अमेरिकेच्या जवळचं. तिथे गेलेली भारतीय शांतिसेना टप्प्याटप्प्याने ठाणी सोडत गेली. मागे ठेवलेली तमिळ नॅशनल आर्मी म्हणजे घाईने भरती केलेली पोरं. अंपारा जिल्हा रिकामा होताच वाघांनी (एलटीटीईने) त्या पोरांच्या छावण्या घेतल्या. २४ मार्च १९९०ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, त्याआधीच वरदराज पेरुमाळ यांचं प्रांतिक सरकार संपलं होतं. मूळ मुंबईचे, महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन यांच्यासह हजारावर जवान तिथे मारले गेले, म्हणून तरी आपल्याकडे या माघारीचा नीट अभ्यास व्हायला हवा.

धोपटमार्गी:
बरं, बगराम पटलं. पण अमेरिकी सैन्यासाठी काम केलेले अफगाण दुभाषे आणि त्यांची कुटुंबं एप्रिलपासूनच का नाही काढली? तेव्हा तर तालिबान काबूलच्या वेशीवर नव्हते.

रसदगाडी:
कागद. त्यांच्या खास व्हिसाची प्रक्रिया १४ पायऱ्यांची. नोकरीचं पत्र हवं, अमेरिकी वरिष्ठाची शिफारस हवी. पोट-कंत्राटदाराकडे काम केलं आणि ती कंपनीच बंद झाली, तर पत्र देणार कोण? मग दूतावासाची मंजुरी, मुलाखत, सुरक्षा तपासणी, वैद्यकीय. त्यात कोविडने मुलाखती थांबल्या. दुसरं म्हणजे राजकीय भीती: सरसकट माणसं काढायला लागलो तर काबूल सरकारवरचा विश्वास उडाल्याचं जाहीरच होईल. त्यामुळे बिगरलष्करी लोकांना हलवायची औपचारिक मोहीम १४ ऑगस्टला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी शहर गेलं.

त्यानंतरची दशा एका आकड्यात दिसते. काबूलहून कतारला गेलेल्या त्या गच्च भरलेल्या सी-१७ मालवाहू विमानात आधी ६४० माणसं सांगितली, प्रत्यक्षात होती ८२३. उतरल्यावर मोजणी बसच्या सीटांवरून झाली होती. मांडीवरची १८३ पोरं कुणी मोजलीच नव्हती.