पॅरिस, मिलान, व्हिएन्ना: बेताच्या पैशांत एकदा तरी थाटाचं जेवण जमेल का?

रावपुरेकर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर आम्ही दोघं बडोद्याहून पॅरिस, मिलान, व्हिएन्ना करतोय. टूर कंपनी नाही, आपलं आपण. मी बँकेतून निवृत्त, त्यामुळे खर्च आखूनच करावा लागतो. थेपले, मेतकूट, भडंग बरोबर असेलच. पण हिची फार इच्छा आहे की एकदा तरी तिथल्या नावाजलेल्या ठिकाणी नीट बसून, एकामागून एक पदार्थ येतात तसं जेवावं. ती शाकाहारी, अंडं चालतं; मी मासे खातो. दोघांत मिळून एका जेवणाला दहा हजार रुपये काढून ठेवलेत. होईल का, की नाद सोडावा?

दांडियाबाजार
होईल, पण दुपारी. स्पेनमध्ये आम्ही असंच केलं. तिथे आठवड्याच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' असतो: ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, वर गोड, ब्रेड आणि पेयसुद्धा. रात्री त्याच टेबलाचं बिल बघवत नाही.

सुरसागरकाठ
काका, नाद अजिबात सोडू नका. घरी आयुष्यभर चार माणसांना वाढत आलेल्या बाईने एकदा दोन तास नुसतं बसून जेवावं, यासाठी दहा हजार काही जास्त नाहीत.

माझं ऐकाल तर हे जेवण पॅरिसमध्येच घ्या, मंगळवार ते शुक्रवारमध्ये, दुपारी. रविवार-सोमवार बरीच चांगली ठिकाणं बंद असतात. दुपारचा मेन्यू लहान असतो, पण भटारखाना तोच आणि आचारीही तेच. आम्ही बहिणी गेलो तेव्हा शेजारच्या टेबलावर ऑफिसातली माणसं तोच मेन्यू घेऊन बसली होती, त्यामुळे स्वस्तातलं घेतलंय असा संकोच वाटायचं कारणच नाही. मुख्य पदार्थ म्हणून सेलरीचा आख्खा कंद आला, वरून काळपट भाजलेला. वाढणाऱ्या मुलीने आमच्यासमोर सुरीने त्याच्या जाड चकत्या केल्या, आत पांढराशुभ्र आणि लोण्यासारखा मऊ. चुलीवरच्या वांग्यासारखा धुरकट वास आला त्याला! वर तपकिरी होईस्तोवर तापवलेलं लोणी आणि भाजलेले हेझलनट. बहीण बराच वेळ बोललीच नाही. मेन्यूत नसलेले दोन छोटे घास सुरुवातीला आले आणि शेवटी कॉफीबरोबर इवलीशी मिठाई, त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत.

बिल फुगतं ते पिण्याने. वाइन नको असेल तर सरळ नको म्हणा, कोणी वाईट मानत नाही. पाणी विचारलं की 'कराफ दो' म्हणा, म्हणजे नळाचं पाणी सुरईत येतं. फ्रान्समध्ये जेवणासोबत ते आणि ब्रेड फुकट असतं. नुसतं पाणी मागितलंत तर बाटली उघडतात. सर्व्हिसही छापील किमतीतच धरलेली असते, त्यामुळे वर दहा टक्के ठेवायचं दडपण घेऊ नका. मिलानमध्ये मात्र 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे पैसे बिलात लागतात आणि पाणीही बहुधा बाटलीचंच.

ठिकाण शोधताना मिशेलिन या मार्गदर्शिकेने हॉटेलांना दिलेल्या ताऱ्यांच्या मागे लागू नका. मिशेलिनचीच 'बिब गूर्माँ' नावाची वेगळी यादी आहे, 1997 पासूनची, खास वाजवी दरात उत्तम जेवण देणाऱ्यांसाठी. त्यांच्या साइटवर गाव टाकून ती वेगळी काढता येते. प्रत्येक ठिकाणाच्या स्वतःच्या पानावर दुपारचा दर बघून मगच ठरवा.

रावपुरेकर
ताई, फार आधार वाटला. हिला वाचून दाखवलं. पण पूर्ण शाकाहारी असं कुठे नाहीच का? आणि कपडे?

सुरसागरकाठ
आहे की. मिलानचं जोया, 1996 साली तारा मिळवलेलं शाकाहारी ठिकाण. व्हिएन्नात टियान, तेही तारा मिळालेलं, पण रात्रीचा तिथला मेन्यू तुमच्या आकड्यात बसायचा नाही. त्याच मंडळींचं स्पिटलबर्ग भागातलं बिस्त्रो, म्हणजे छोटं साधं हॉटेल, बघा.

बाकी ठिकाणी बुकिंग करतानाच लिहा: मांस नाही, मासे नाहीत, ते उकळून काढलेला स्टॉकही नाही, अंडं-दूध चालेल. टेबलावर बसून सांगितलं तर सॅलडवर भागवतात. काकूंना विचारून घ्या, पार्मेजान चीज रेनेटने, म्हणजे दूध गोठवायला वासराच्या पोटातून काढलेल्या पदार्थाने, बनतं. चालत नसेल तर तेही लिहा. आणि येणं रद्द झालं तर वेळेत कळवा, काही ठिकाणी कार्डावरून दंड कापतात.

कपड्यांचं म्हणाल तर काकूंनी खुशाल साडी नेसावी. तुम्हाला इस्त्रीचा शर्ट आणि बंद बूट पुरे.

दांडियाबाजार
एक राहिलं. कार्डाच्या मशीनवर रुपये की युरो असं विचारलं तर युरोच दाबा. रुपये दाबलेत की मशीनवाले स्वतःचा भाव लावतात, आपल्याला महाग पडतं.