मदत हवी आहे: गच्चीवर दाखवायला रॉक बँडवरची डॉक्युमेंटरी सुचवा

नमस्कार मंडळी. शनिवारी गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावतोय. भाचा बारावीतून सुटला, हातात गिटार आली, आणि पिक्चर निवडायचं काम मामाच्या गळ्यात.

क्वीन बँडवरचा 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' पोरांनी पाहिलाय. शिवाय मला तो जरा गुळगुळीतच वाटला. माझी लाडकी म्हणजे बीटल्सवरची, पीटर जॅक्सनची 'गेट बॅक' (२०२१). पॉल मॅकार्टनी बास गिटार बडवत काहीतरी पुटपुटत असतो, समोर जॉर्ज हॅरिसन चक्क जांभई देतो, आणि बघता बघता त्यातून अख्खं गाणं उभं राहतं! पण जवळजवळ आठ तास? चिवडा संपेल, पोरं घोरायला लागतील.

सध्या टॉकिंग हेड्स बँडच्या कार्यक्रमाची 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४) डोक्यात आहे. त्यांचा गायक डेव्हिड बर्न एकटाच गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो, मग गाण्यागणिक एकेक वादक वाढत जातो. फक्त त्यात बँडची आतली भांडणं नाहीत, आणि पोरांना तीच हवीत. मेटॅलिकाच्या 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर'मध्ये ती ढिगाने आहेत, पण शिव्याही तेवढ्याच, आणि शेजारी आई बसणार. ती भजनी मंडळातली!

दोन तासांच्या आतलं काही आहे का? शुक्रवारपर्यंत सांगा.