रेरा एजंटची परीक्षा आणि नोंदणी : आपले अनुभव लिहावेत

सांगली-मिरज-कुपवाड भागात जागांचे व्यवहार जुळवणारे पुष्कळ आहेत, पण महारेराची (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) परीक्षा देऊन नोंदणी घेतलेल्यांचे अनुभव नव्या माणसाला फारसे ऐकायला मिळत नाहीत. २०१६ च्या रेरा म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड विकून देणाऱ्या मध्यस्थाला नोंदणी सक्तीची आहे, आणि २०२३ पासून महाराष्ट्रात त्यासाठी २० तासांचे प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक झाली आहे. अभ्यास कसा केला, कुठे अडलात, कामात काय बदलले, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

सांगलीच्या विश्रामबागमध्ये अकरा वर्षे हे काम केल्यावर शिकण्यासारखे फारसे उरले नसेल, असे मला वाटत होते. चटई क्षेत्राच्या व्याख्येपाशीच ते चुकले. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, आतल्या भिंती धरून जे वापरण्याजोगे क्षेत्र उरते तेच चटई क्षेत्र. मी मात्र इतकी वर्षे जिना आणि पॅसेजचा वाटा धरलेला आकडा गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. त्याहून अधिक लागला तो कलम १३ चा धडा. विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका निवृत्त शिक्षकांनी साध्या पावतीवर निम्मी रक्कम दिली होती. त्यांना ताबा मिळाला, पण दोन वर्षे त्यांनी जी चिंता भोगली ती मी थांबवू शकलो असतो. परीक्षेनंतर त्यांच्या घरी जाऊन मी तसे सांगितले.

मिरजेहून लिहिते आहे. वर लिहिणाऱ्या विश्रामबागच्या काकांना व्यवहार ठाऊक होता, मला तोही नव्हता. मी परीक्षा मराठीतून दिली, तरी खरी अडचण भाषेचीच होती, कारण बिल्डरला प्रवर्तक, ओसीला (इमारत वापरण्यास दिलेल्या परवानगीला) भोगवटा प्रमाणपत्र आणि कन्व्हेयन्सला (मालकी नावावर करून देण्याला) अभिहस्तांतरण म्हणतात हे ओळखण्यातच पहिला आठवडा गेला. मग एका वहीत डावीकडे कायद्यातला शब्द आणि उजवीकडे बाजारातला शब्द लिहीत गेले. ती वही संपली तेव्हा अभ्यासही बहुतेक झाला होता.

तासगाव भागात प्लॉटचे काम जास्त असल्याने एक गणित सांगतो. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, तर त्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही; हे क्षेत्र पाच गुंठ्यांहून किंचित कमी भरते. आमच्याकडे सारी बोलणी गुंठ्यांत होतात, म्हणून ही सीमा पाठ असावी. रेराचा क्रमांक असला तरी सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश आणि मोजणी नकाशा स्वतः वाचावाच.

सांगलीच्या गावभागातून थोडे लिहितो. एजंट म्हणून व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क १०,००० रुपये असून नोंदणी पाच वर्षे टिकते. नोंदणीविना काम केल्यास रोज १०,००० रुपये, कमाल सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचून मी अर्ज लगेच भरला. मात्र ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर इथला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो पूररेषेचा, आणि त्याचे उत्तर मला प्रशिक्षणात मिळाले नाही. म्हणून आता जागा दाखवण्याआधी निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) रेषा असलेला नकाशा पाहतो, आणि २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते ते शेजाऱ्यांना विचारून, त्यांनी भिंतीवर दाखवलेली खूण ग्राहकालाही दाखवतो.