श्वेबिशची ओळख केवळ ‘ले’पुरती नाही
श्वेबिश ही नैऋत्य जर्मनीतील बोली म्हणजे शब्दांना लघुत्वदर्शक ‘ले’ जोडलेली जर्मन, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. ‘हाउस’चे (घर) ‘हाइस्ले’ (छोटे घर) होते हे खरेच. परंतु स्टुटगार्टच्या परिसरातील माणूस कानाला चटकन ओळखू येतो तो ‘बिस्ट’ऐवजी (तू आहेस) ‘बिश’ आणि ‘हास्ट’ऐवजी (तुझ्याकडे आहे) ‘हाश’ म्हणतो म्हणून. अर्थभेद त्याहून रंजक आहेत. प्रमाण जर्मनमध्ये ‘हेबेन’ म्हणजे उचलणे, तर श्वेबिशमध्ये धरून ठेवणे. उचलण्यासाठी ‘लुप्फेन’ हे वेगळे क्रियापद आहे, त्यामुळे सामान हलवताना परक्या माणसाचा गोंधळ ठरलेलाच. ‘फूस’ तिथे केवळ पाऊल नसून मांडीसकट संपूर्ण पाय असतो (आपला ‘पाय’ही असाच ऐसपैस आहे). साध्या भूतकाळाची रूपे मात्र बोलण्यात जवळजवळ नाहीत.